जमा झालेल्या पॉइंटचा भाव पाडायचा हक्क कुणाचा?

एखाद्या बँकेनं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटचा ट्रान्सफर रेशो, म्हणजे ते पॉइंट एअरलाइनकडे पाठवून माइल्स करतानाचा दर, खाली आणला की आपल्याकडे ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो फसवलं, लुटलं, कार्ड बंद करा. दुसरा म्हणतो फुकटचं होतं ते गेलं, रडताय कशाला, इतके दिवस बिझनेस क्लासमध्ये पाय पसरून गेलात ना. मग तिसरा कुणीतरी येतो आणि सांगतो की ज्या देशात लोकांना घरभाड्याची चिंता आहे तिथे हे कसले श्रीमंतांचे चोचले. चार दिवस हे चालतं, मग सगळे गप्प, पुढच्या बँकेचा मेल येईपर्यंत. आणि या सगळ्यात मूळ प्रश्न तसाच राहून जातो, की बँकेनं जे एकदा माझ्या खात्यात जमा केलंय त्याची किंमत ती नंतर एकटीनं ठरवून कमी करू शकते का?

माझं मत सरळ सांगतो. उद्यापासून माझ्या खर्चावर किती पॉइंट द्यायचे हा बँकेचा पूर्ण हक्क आहे, शून्य द्यायचे असतील तर शून्य द्या, मला पटलं नाही तर मी कार्ड परत करीन. पण जे पॉइंट आधीच जमा झालेत, ज्यांच्यासाठी मी खर्च करून बसलोय, वार्षिक फी भरून बसलोय, त्यांचा भाव मागाहून पाडायचा हक्क बँकेला नसावा. पाडायचाच असेल तर किमान एक वर्ष आधी सांगावं, आणि हा नियम बँकांच्या मर्जीवर न सोडता रिझर्व्ह बँकेनं घालावा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण माहिती नसल्यामुळेच अर्धं भांडण होतं. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात. ते व्हाउचरवर उडवता येतात, पण तिथे भाव बहुतेक वेळा कमी मिळतो. बऱ्या कार्डांवर ते एअरलाइनच्या प्रोग्रॅममध्ये पाठवता येतात, सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर, एअर इंडियाचा महाराजा क्लब, एअर कॅनडाचा एरोप्लान वगैरे, तिथे त्यांचे माइल्स होतात आणि माइल्सवर जे तिकीट निघतं त्याला अवॉर्ड तिकीट म्हणतात. टॅक्स आणि कुठे कुठे फ्युएल सरचार्ज रोख भरावाच लागतो, म्हणून "फुकट तिकीट" हा शब्द मला मुळातच पटत नाही. एका प्रोग्रॅमचे माइल्स भागीदार एअरलाइनवरही चालतात, एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटात गेली, एअर कॅनडाही त्याच गटात आहे, त्यामुळे एरोप्लानचे माइल्स देऊन तिचंही तिकीट काढता येतं. पण या सगळ्या खेळात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे ट्रान्सफरचा दर, आणि दुसरी म्हणजे एकदा पाठवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. म्हणून जाणकार माणूस आधी सीट शोधतो, ती खरंच उपलब्ध आहे याची खात्री करतो आणि मगच पॉइंट पाठवतो, तोपर्यंत ते बँकेतच ठेवतो. म्हणजे शहाण्यासारखं वागायचं तर पॉइंट बँकेत ठेवा, आणि नेमके बँकेत ठेवलेले पॉइंट कुठल्याही महिन्यात अर्धे होऊ शकतात. ही खरी अडचण आहे.

अर्धे हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचा दर १ सप्टेंबर २०२३ पासून ५:४ वरून ५:२ झाला, बँकेच्या बरगंडी नावाच्या बड्या खातेदारांसाठीचा प्रकार सोडून. एक लाख पॉइंटचे आधी ८०,००० माइल्स व्हायचे, ते ४०,००० झाले. त्याच वेळी महिन्याला एक लाख खर्चावर मिळणारे २५,००० बोनस पॉइंटही बंद झाले. आता या दोन बदलांकडे नीट बघा, कारण लोक यांची गल्लत करतात. बोनस बंद करणं हा पुढच्या खर्चाबद्दलचा निर्णय, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दर पाडणं हा मागच्या खर्चाबद्दलचा निर्णय. दोन्ही एकाच मेलमध्ये आले म्हणून त्यांची जात एक होत नाही.

पेशवाईत ठिकठिकाणी टांकसाळी होत्या, चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, आणि एकीकडचं नाणं दुसरीकडे चालवायचं तर सराफ बट्टा कापायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं एकाच मापाचा रुपया काढला तेव्हा कुठे हा जाच हळूहळू कमी व्हायला लागला. पॉइंटचे माइल्स करतानाचा रेशो म्हणजे तोच बट्टा. पण त्या काळी निदान सराफ अनेक असायचे, एकाचा बट्टा पटला नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जायचा. इथे नाणं पाडणारी बँक, बट्टा ठरवणारी बँक, आणि ते नाणं मी दुसऱ्या कुणाकडे वटवू शकत नाही. मग अशा बाजारात "पटत नसेल तर जाऊ नका" हे उत्तर किती खरं आहे? जायला दार कुठे आहे, पॉइंट तर तिच्याच तिजोरीत अडकलेत.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो, आणि ते मी हलके मानत नाही. पहिला मुद्दा असा की लोकांनी या कार्डांचा अतोनात गैरवापर केला. हे खरं आहे. वॉलेट लोड करून पैसे फिरवणं, नातेवाइकाच्या नावानं खोटं भाडं भरणं, मित्रांची बिलं आपल्या कार्डावर ओढून घेणं, हे सर्रास चाललं होतं आणि काही जण अजूनही अभिमानानं सांगतात. बँकेनं दिलेलं प्रत्येक वचन कुणीतरी पिळून काढणार असेल तर तिनं करावं तरी काय? मला इथे मुहम्मद तुघलक आठवतो. १३३० च्या आसपास त्यानं चांदीच्या टंक्याच्या भावानं चालणारी हलक्या धातूची नाणी काढली आणि बघता बघता लोकांनी ती घरोघरी पाडायला सुरुवात केली. आपण त्याचं नाव वेडेपणासाठी घेतो. पण शेवटी त्यानं काय केलं ते कुणी सांगत नाही. त्यानं ती नाणी पुढे बंद केली, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना खजिन्यातून कबूल केलेल्या भावानं सोनं-चांदी मोजून दिली. म्हणे तुघलकाबादला त्या परत आलेल्या नाण्यांचे ढीग पडले होते. खजिन्याला भोक पडलं, पण आधी काढलेल्या नाण्याचा भाव त्यानं नाकारला नाही. पुढचं बंद, मागचं पूर्ण, इतकं साधं तत्त्व. जे सातशे वर्षांपूर्वी ज्याला आपण लहरी म्हणतो त्या सुलतानाला कळलं ते आजच्या नफ्यातल्या बँकेला अवघड का जावं?

आणि गैरवापराच्या मुद्द्यात एक मोठी चूक आहे जी मला फार लागते. दर पाडल्यावर नुकसान नेमकं कुणाचं होतं? ज्यानं खेळ केला त्याचं जवळजवळ होतच नाही. तो रोज या विषयात असतो, मेल आला की त्याच रात्री सगळे पॉइंट दोन-तीन एअरलाइनमध्ये पाठवून मोकळा होतो. अडकतो तो दुसराच माणूस, जो वीज बिल, किराणा, मुलाच्या क्लासची फी, विम्याचा हप्ता असं खरं खरं कार्डावर भरत तीन-चार वर्षं सावकाश साठवत आलाय, ज्याला बँकेचे दहा जाहिरातींचे मेल येतात आणि त्यातला अकरावा कामाचा मेल तो उघडतच नाही. लबाडांना शिक्षा म्हणून जे केलं जातं त्यात लबाड सुटतात आणि सरळ माणूस सापडतो. बँकेला लबाडीच थांबवायची असेल तर तिच्याकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद आहे, भाड्यावर आणि वॉलेटवर पॉइंट बंद करता येतात, आणि बऱ्याच बँकांनी ते केलंही. तो मार्ग योग्य आहे.

हे मी आमच्या घरातल्या अनुभवावरूनही बोलतोय. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पंधरा-सोळा तास खुर्चीत पाय दुमडून बसणं तिला शक्य नाही, म्हणून ठरवलं की पॉइंट साठवायचे आणि तिला एकदा तरी झोपून जाता येईल असं तिकीट काढायचं. साडेतीन वर्षं लागली. कुठलाही खेळ नाही, घरचाच खर्च, वर दर वर्षीची फी. पॉइंट पुरेसे झाले आणि भावाच्या सोयीच्या तारखा उघडायची वाट बघत होतो तेवढ्यात बँकेचा मेल आला, महिनाभरानं दर बदलणार. एअरलाइनच्या सीट साधारण ३३० ते ३६० दिवस आधी उघडतात, आम्हाला हव्या त्या महिन्यातल्या अजून दिसतही नव्हत्या. आता काय करायचं, न दिसणाऱ्या सीटसाठी आंधळेपणानं पॉइंट पाठवायचे, की अर्धे होऊ द्यायचे? एका महिन्याच्या नोटिशीत ग्राहकाला दोन वाईट पर्यायांतला एक निवडायला लावणं याला मी सूचना म्हणत नाही. म्हणूनच एक वर्षाची मुदत मागतोय, तो आकडा हवेतून आणलेला नाही, विमानाचं बुकिंग जेवढ्या लांबवर उघडतं तेवढाच आहे.

दुसरा मुद्दा नियमावलीचा. अटींमध्ये लिहिलेलं असतं की बँक कधीही, पूर्वसूचनेशिवाय बदल करू शकते, तुम्ही सही केलीत, आता बोलू नका. कायद्याच्या दृष्टीनं हा मुद्दा बळकट आहे, मान्य. पण तो नवीन नाही आणि तो कायम जिंकलेलाही नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला ॲडव्हान्टेज सुरू केला, आजच्या माइल्स प्रोग्रॅमचा तो मोठा पूर्वज, आणि १९८८ मध्ये त्यांनी ठरावीक तारखांना अवॉर्ड तिकीट बंद आणि सीटच्या संख्येवर मर्यादा असे बदल आधी कमावलेल्या माइल्सलाही लावले. ग्राहक कोर्टात गेले. ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि १९९५ च्या वोलेन्स खटल्यात कोर्टानं राज्याच्या ग्राहक कायद्याचा दावा बाजूला ठेवला पण करारभंगाचा दावा चालू शकतो असं सांगितलं. म्हणजे कंपनीनं स्वतःहून जे वचन दिलंय त्याबद्दल तिला कोर्टात जाब विचारता येतो. प्रश्न तोच होता जो आज आपला आहे, पुढचं आणि मागचं यातला फरक. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आलेली आहे. बारीक अक्षरात छापलं म्हणून सगळं न्याय्य होत नाही हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे.

आणि "फुकटचं होतं" म्हणणाऱ्यांनी एकदा बँकांचे वार्षिक अहवाल उघडून बघावेत. एचडीएफसी बँकेच्या हिशेबात कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटसाठीची तरतूद वेगळी दाखवलेली असते, वर्षाच्या सुरुवातीला किती होती, किती वाढली, किती वापरली गेली असं सगळं. हिशेबाच्या भाषेत हे देणं आहे. बँक स्वतःच्या वहीत ज्याला देणं म्हणून लिहिते त्याला माझ्याशी बोलताना भेट म्हणते, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? सराफाकडच्या सोन्याच्या भिशीचं उदाहरण घ्या, अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आम्ही घालू. अकरा हप्ते भरून झाल्यावर तो म्हणाला की बारावा आता अर्धाच, कारण तो आमच्याकडून भेट होता, तर आपण ऐकून घेऊ का? बारावा हप्ता आहे म्हणून तर आपण अकरा भरले. पॉइंटचंही तेच, ते मिळणार म्हणून मी दुसरं कार्ड सोडून हे वापरलं, दुकानदाराकडून कमिशन बँकेला मिळालं, फी बँकेला मिळाली, माझी बाजू पूर्ण झाली. या माइल्सना खरा पैसा किती चिकटलेला असतो ते २०२० मध्ये जगाला दिसलं, विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं आपला मायलेजप्लस प्रोग्रॅम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. कर्ज देणारे फुकटच्या गोष्टीवर एवढे पैसे देत नाहीत.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो, गरिबांच्या पैशावर श्रीमंतांची विमानं. दुकानदार कार्डावर कमिशन भरतो, ते तो सगळ्यांच्याच किमतीत मिसळतो, आणि रोख देणारी बाईसुद्धा तेवढीच किंमत देते, पॉइंट मात्र कार्डवाल्याला. अमेरिकेत २०१० मध्ये बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता की रोखीनं जगणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवतं आणि कार्डवाल्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. तिकडची परिस्थिती इकडे जशीच्या तशी लागू होत नाही, आपल्याकडे जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही आणि बरेच दुकानदार कार्ड काढलं की तोंडावर सांगतात, दोन टक्के जास्त पडतील. तरी आक्षेप खरा आहे, मी तो नाकारणार नाही. शिवाय उशिरा बिल भरून महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज देणारी माणसंसुद्धा या पॉइंटचा खर्च उचलतात, आणि वेळेवर भरणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा फायदा होतो. याची टोचणी मला आहे.

पण मग उपाय काय? युरोपियन युनियननं २०१५ मध्ये क्रेडिट कार्डाच्या इंटरचेंजवर, म्हणजे दुकानदाराच्या कमिशनमधून कार्ड देणाऱ्या बँकेला जाणाऱ्या वाट्यावर, ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियानं स्वतःची मर्यादा २००३ मध्येच घातली होती. त्यानंतर तिथले पॉइंट आटले, आणि ते बरोबरच झालं कारण दुकानदाराचा भार कमी करून झालं. आपल्याकडे तशी मर्यादा आली तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन, माझे पॉइंट कमी झाले तरी. पण बँक जेव्हा जुन्या पॉइंटचा रेशो पाडते तेव्हा त्या रोख देणाऱ्या बाईला काय मिळतं? दुकानदाराचं कमिशन तेवढंच राहतं, व्याज तेवढंच राहतं, फक्त जे पैसे ग्राहकाकडे परत यायचे होते ते बँकेकडे राहतात. गरिबांचं नाव घेऊन बँकेचं देणं कमी करायचं, यात गरिबाचा संबंध कुठे येतो?

एअरलाइनची बाजू थोडी वेगळी आहे हेही सांगायला हवं. माइल्स तिकडे गेल्यावर बँकेच्या हातात काही नाही. डेल्टानं २०१५ मध्ये अवॉर्ड चार्टच, म्हणजे कुठल्या प्रवासाला किती माइल्स याचा ठरलेला तक्ताच, काढून टाकला, युनायटेडनं २०१९ मध्ये, तेव्हापासून किती माइल्स लागतील ते रोज बदलतं. कंपनीच बुडाली तर आणखी वेगळी गोष्ट, २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं थांबली आणि तिचे माइल्स साठवणारे हात चोळत बसले. तो धंद्यातला धोका आहे, साठवणाऱ्यानं तो धरून चालावं, आणि म्हणूनच सीट हातात नसताना कधीही ट्रान्सफर करू नये असं मी प्रत्येकाला सांगतो, अगदी ट्रान्सफर बोनस, म्हणजे पाठवल्यावर थोडे जादा माइल्स देणारी ऑफर, चालू असला तरी. पण बुडणं वेगळं आणि ठणठणीत असताना भाव पाडणं वेगळं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या दरानं पलीकडे गेले. दोन कंपन्या एक होतानासुद्धा जमा झालेल्या पॉइंटची संख्या सांभाळता येते हे यातून दिसतं.

हा नियम घालणं कठीण आहे असंही नाही. कॅनडात २०१६ मध्ये एअर माइल्स नावाच्या रिवॉर्ड प्रोग्रॅमचे पाच वर्षं जुने पॉइंट बाद होणार म्हणून लोक चिडले, तेव्हा ओंटारियो प्रांतानं त्याच वर्षी कायदाच केला की निव्वळ काळ गेला म्हणून पॉइंट बाद करता येणार नाहीत. जग बुडालं नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये परिवहन खात्यानं चार मोठ्या एअरलाइन्सकडून त्यांच्या प्रोग्रॅमचा हिशेब मागितला, त्यात पॉइंटची किंमत कमी करण्याबद्दलचे प्रश्न होतेच. आणि आपल्याकडे तर पाया तयार आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत २०२२ पासून लिहिलंय की व्याज सोडून इतर शुल्कात बदल करायचा तर तो पुढच्या काळासाठीच करता येईल आणि किमान एक महिना आधी कळवावा लागेल. म्हणजे मागच्या तारखेपासून ग्राहकाचा खिसा कापायचा नाही हे तत्त्व रिझर्व्ह बँकेनं शुल्काच्या बाबतीत मान्य केलंच आहे. फी पाचशेनं वाढवताना जी शिस्त लागते ती साठवलेल्या पॉइंटची किंमत पन्नास हजारांनी कमी करताना का लागू नये?

सध्या दाद मागायलाही जागा नाही. मी बँकेला लिहिलं, त्यांनी अटींमधलं ते वाक्य परत पाठवलं. पुढे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तर त्या लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाबद्दलची तक्रार घेतलीच जात नाही, आणि पॉइंटचा दर हा व्यावसायिक निर्णयच मानला जाणार. उरतो ग्राहक आयोग, तिथे चाळीस हजार माइल्ससाठी किती जण वकील लावतील? म्हणून म्हणतो की हे एकेकट्या ग्राहकाच्या लढण्याचं काम नाही, निर्देशांत दोन ओळी घालायचं काम आहे, जमा झालेल्या पॉइंटला जमा होतानाचा ट्रान्सफर दर किमान बारा महिने मिळेल, आणि बदलाची सूचना जाहिरातींच्या मेलमध्ये न दडवता स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर असेल.

आई शेवटी गेली, इकॉनॉमीत, आखाती देशात सहा तास थांबून, व्हीलचेअर घेऊन. पोचल्यावर दोन दिवस पाय सुजलेले होते असं भाऊ म्हणाला. उरलेले पॉइंट अजून बँकेत आहेत, तिच्या परतीच्या तारखेला अवॉर्ड सीट मिळाली तर बघू, तोपर्यंत आलेला प्रत्येक मेल मी उघडून वाचतो.